जाग्या माणसाला जाग्याची सोबत

अजिंठा गाव घाटमाथ्यावर आणि लेणी घाट उतरून वाघूर नदीच्या वळणावर. मध्ये अकरा-बारा किलोमीटरचे अंतर. लेणी पाहायला येणारा पाहुणा हा सारा टापू दिवसाउजेडी पाहतो आणि अंधार पडायच्या आत संभाजीनगरचा नाहीतर जळगावचा रस्ता धरतो. त्यामुळे इथे रात्री किती माणसे जागी असतात याचा त्याला पत्ता नसतो. शेतीपंपाची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी पाळीपाळीने येते. रात्रीची पाळी असली की गव्हाला, मक्याला पाणी द्यायला माणूस बॅटरी, काठी आणि मोबाईल घेऊन शेतात जातो. वाफा भरेपर्यंत बांधावर बसायचे, मग दारे मोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचे. पायाखाली साप आहे की पाइप, हे बॅटरीच्या उजेडात बघायचे. मध्येच डीपीवरचा फ्यूज उडाला तर शेजारच्या शेतातल्याला हाक मारायची. तोही जागाच असतो. तिकडे संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यांत तिसरी पाळी चालू असते, आणि शहरातल्या काही वसाहतींत आठवड्याने येणारे नळाचे पाणी अपरात्री आले की घरातली बाई पिंप-बादल्या भरत असते.

ही सगळी जागी माणसे. पण यांतला निद्रानाशाचा रुग्ण कोण? अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ मध्ये आणि तिथल्या झोपतज्ज्ञांनी २०१४ मध्ये केलेल्या वर्गीकरणांत याचे उत्तर जवळजवळ सारखेच आहे. झोपायला पुरेसा वेळ आणि बरी जागा असूनही झोप लागत नाही, लागली तर टिकत नाही, किंवा पहाटे फार लवकर मोडते. असे आठवड्यातून किमान ३ रात्री आणि निदान ३ महिने चालते. आणि त्याचा त्रास दिवसाच्या कामाला, मनाला होतो. तेव्हा तो जुनाट निद्रानाश. यातली ‘वेळ आणि जागा असूनही’ ही अट नीट वाचा. पाणी धरणारा शेतकरी या व्याख्येत बसत नाही. त्याची झोप कोणीतरी काढून घेतली आहे. त्याला गोळी नको, दिवसा लाईट हवी. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली ती शेतीला दिवसा वीज देण्याच्या बोलीवर. तिची गणती ऊर्जाखात्याच्या कामगिरीत होते. माझ्या हिशेबी ती आरोग्याचीही योजना आहे.

दुसऱ्या गटातल्या, म्हणजे अंथरुणावर पडूनही टक्क जागे राहणाऱ्या माणसांची संख्या कमी नाही. जगभरातल्या पाहण्यांचा मथितार्थ असा की दर १० प्रौढांमागे सुमारे एकाला हा विकार असतो. बायकांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दीडपट. अजिंठ्यासारख्या बाजारपेठेच्या गावात याचा अर्थ काय होतो ते ज्याचे त्याने मोजावे. गंमत अशी की यातला प्रत्येक जण स्वतःला गावातला एकटाच जागा माणूस समजतो.

पहिल्या गटातला माणूस दुसऱ्या गटात कसा जातो हे समजून घेण्यासारखे आहे. आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये त्याची मांडणी केली. काही जणांचा पिंडच हलक्या झोपेचा असतो. त्यात एखादे निमित्त घडते: आजारपण, कर्ज, घरातला मृत्यू, पोरीच्या लग्नाची बोलणी. झोप उडते. इथवर सगळे स्वाभाविक आहे. पुढे निमित्त सरते, पण झोप परत येत नाही. कारण मधल्या काळात माणसाने झोप मिळवायला जे उपाय केलेले असतात, तेच आता आजाराला खतपाणी घालत असतात. असा एखादा शेतकरी डोळ्यांपुढे आणा. हंगामभर रात्रपाळीचे पाणी झाले, सोयाबीनचा भाव पडला, सोसायटीची नोटीस आली. हंगाम संपला, नोटिशीचेही काहीतरी मार्गी लागले. तरी रात्री दोनला डोळा उघडतो. मग तो रात्रीची भरपाई म्हणून दुपारी दोन तास आडवा होतो. संध्याकाळी जेवण झाले की साडेआठलाच अंथरुणावर पडतो, म्हणजे ‘थोडी तरी लागेल’. दर अर्ध्या तासाला मोबाईलमध्ये किती वाजले ते बघतो. उद्या काम कसे होणार याचा घोर लावून घेतो. दोन-तीन महिन्यांत अंथरूण म्हणजे झोपेची जागा न राहता जागरणाची जागा होते. चहाच्या टपरीवर पेंगणारा हा गडी अंथरुणाला पाठ टेकताच खडबडीत जागा होतो.

आणि हाच माणूस शेतात मोटरीची वाट पाहत बसलेला असताना बांधावर टेकून घोरायला लागतो. तिथे त्याला जागे राहायचे असते, म्हणून झोप येते. घरी झोपायचे असते, म्हणून येत नाही. व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नाच्या मनोविकारतज्ज्ञाने याच उफराट्या चालीचा उपचार केला: झोपेच्या मागे लागू नका, उलट डोळे उघडे ठेवून जागे राहायचा प्रयत्न करा. आमच्याकडच्या शेतकऱ्यांना हा उपचार महावितरणने फुकट दिला आहे, फक्त चुकीच्या जागी.

शरीराच्या बाजूने पाहिले तर झोप दोन गोष्टींवर चालते, असे अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडले आणि ते आजही मानले जाते. एक म्हणजे जागेपणाबरोबर साठत जाणारा झोपेचा दाब. दुसरे म्हणजे मेंदूतले दिवस-रात्रीचे घड्याळ, जे सकाळच्या उजेडावर लावले जाते. दुपारची लांब झोप पहिल्याला मारते, रात्रपाळी दुसऱ्याला. हे घड्याळ आतले आहे हे पाहण्यासाठी नथॅनिएल क्लाइटमन हा संशोधक १९३८ मध्ये एका सहकाऱ्याला घेऊन अमेरिकेतल्या मॅमथ गुहेत महिनाभर उतरला होता. २८ तासांचा दिवस पाळून बघायचा होता. सहकाऱ्याच्या शरीराने तो बऱ्यापैकी पाळला. क्लाइटमनच्या शरीराने आपला २४ तासांचाच हट्ट धरला. गुहेतल्या अंधारातही घड्याळ चालूच राहते.

आमच्या गुहांमध्ये अशी नोंद ठेवणारा कोणी नव्हता, पण झोपेची सोय मात्र दगडात कोरलेली आहे. १२ क्रमांकाच्या लेण्यात जा. पर्यटक तिथे फारसे थांबत नाहीत, कारण तिथे रंगवलेला पद्मपाणी नाही. इसवी सनापूर्वीचा साधा विहार. मधल्या चौकाच्या तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या आणि प्रत्येक खोलीत समोरासमोर दोन दगडी ओटे. उशाला दगडच जरासा उंच ठेवलेला. ओट्यावर हात ठेवला तर उन्हाळ्यातही गार लागतो. एका खोलीत दोघे भिक्षू. त्यातला एक जागा असला तर दुसऱ्याला कळल्याशिवाय राहणार नाही, इतकी ती खोली लहान. बाकी पर्यटकांची गर्दी असते ती २६ क्रमांकाच्या लेण्यात, सुमारे ७ मीटर लांबीच्या, उजव्या कुशीवर पहुडलेल्या बुद्धमूर्तीपाशी. ‘झोपलेला बुद्ध’ असे म्हणून लोक फोटो काढतात. ते महापरिनिर्वाण आहे; खाली शोक करणारे शिष्य कोरलेले आहेत, ते बघायचे राहून जाते.

बुद्धाच्या झोपेविषयी विचारणा मात्र खरोखर झाली होती. अंगुत्तर निकायात आळवीच्या हत्थकाची गोष्ट आहे. थंडीचे दिवस, गुरांनी तुडवलेली खडबडीत जमीन, त्यावर पाने पसरून बुद्ध बसलेले. हत्थकाने विचारले, झोप सुखाची झाली का? बुद्ध म्हणाले, झाली; जगात सुखाने झोपणाऱ्यांपैकी मी एक आहे. आणि उलट विचारले की बंद दारांच्या, मऊ बिछान्याच्या वाड्यात राहणारा गृहस्थ राग, द्वेष आणि मोहाने जळत असेल तर त्याला झोप लागेल का? हे उत्तर सुंदर आहे, पण जुनाट निद्रानाशाच्या माणसाला ते ऐकवू नये. त्याला त्यातून एवढेच ऐकू येते की माझ्याच मनात काहीतरी पाप आहे. देवभोळ्या घरांत हा सल्ला रोज दिला जातो आणि त्याने एकाचीही रात्र सुधारत नाही.

माझ्या मते जुन्या ग्रंथांतून घ्यायचेच तर दोन राजांकडून घ्यावे. पहिला धृतराष्ट्र. पांडवांकडून परतलेला संजय निरोप न सांगता ‘उद्या सभेत सांगेन’ म्हणून निघून गेला आणि म्हाताऱ्याची झोप उडाली. त्याने विदुराला बोलावून घेतले, तू बोलत राहा म्हणाला, आणि त्या रात्रीच्या बोलण्याला आपण विदुरनीती म्हणतो. महाभारताच्या उद्योगपर्वातले ते प्रजागरपर्व. विदुराने सुरुवातीलाच झोप न येणाऱ्यांची यादी दिली आहे: बलवानाशी वैर पडलेला दुबळा, ज्याचे धन गेले तो, कामातुर, चोर. कर्जदाराच्या डोक्यावर वसुलीचा माणूस बसलेला असतो, तेव्हा यादीतल्या पहिल्या दोन जागा त्याच्याच. दुसरा राजा अजातशत्रू. बापाला मारून गादीवर बसलेला. दीघनिकायात तो चांदण्या रात्री मंत्र्यांना विचारतो की आज कोणाला भेटायला जावे. अट्ठकथेत, म्हणजे त्यावरच्या जुन्या टीकेत, म्हटले आहे की पित्याच्या वधानंतर त्याला झोप नव्हती. जीवक वैद्य त्याला बुद्धाकडे घेऊन जातो. वैद्याने औषध दिले नाही, माणसाची गाठ घालून दिली.

दोघांनीही एकट्याने रात्र काढायचे नाकारले. पण विदुर काय किंवा बुद्ध काय, ते स्वतः निद्रानाशी नव्हते. समदुःखी माणसाची सोबत ही वेगळी गोष्ट आहे. तिचा विचार करण्याआधी घरचे आणि दवाखान्यातले उपाय बघू.

घरचे उपाय सगळ्यांना पाठ आहेत. कोमट दुधात जायफळ उगाळून, खसखशीची खीर, तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासणे. चरकसंहितेने आहार आणि निद्रा यांना शरीराच्या आधारस्तंभांत बसवले, अंगाला तेल लावणे सांगितले आणि झोप आणणारे म्हणून म्हशीच्या दुधाची शिफारस केली. याने जुनाट निद्रानाश बरा होत नाही. पण काशाची वाटी घासणारा हात बायकोचा, सुनेचा किंवा नातवाचा असतो आणि तेवढा वेळ घरातले कोणीतरी जवळ बसलेले असते, एवढे तिच्या पदरात टाकायला हरकत नाही. जायफळ मात्र बेताने. जास्त झाले तर ते बाधते.

मग मेडिकल. आजच्या झोपेच्या गोळ्यांचा पहिला मोठा वर्ग बाजारात आला तो १९६०च्या दशकात. १९६३ साली आलेले डायझेपाम घराघरांत पोचले. नंतर अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोलपिडेम. तात्पुरत्या संकटात, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली या गोळ्यांचा उपयोग आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. घोटाळा पुढे होतो. आठ-पंधरा दिवसांसाठी दिलेली गोळी आठ-पंधरा वर्षे चालते. अर्ध्याची एक होते. बंद केली की पहिल्यापेक्षा वाईट रात्र येते आणि माणूस म्हणतो, बघा, गोळीशिवाय झोपच नाही. ती रात्र गोळी सोडल्याची असते, आजाराची नव्हे. म्हाताऱ्या माणसांत या गोळ्यांनी पडण्याचे आणि खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण वाढते, म्हणून वृद्धांच्या औषधोपचाराच्या अमेरिकी सूचीत त्या टाळाव्यात असे लिहिलेले आहे. झोलपिडेमवर २०१९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने ठळक इशारा छापायला लावला, कारण काही जण ती घेऊन झोपेतच उठून चालले, काहींनी गाडी चालवली. आपल्याकडे अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोलपिडेम ही १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ यादीत आहेत: चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वेगळ्या वहीत लिहायचे, ती वही ३ वर्षे ठेवायची. खेड्यातल्या काउंटरवर ‘ती छोटी पांढरी द्या’ एवढ्यावर काम होते, हे वाचकाला मी सांगायला नको. आणि वर्षानुवर्षे घेतलेली गोळी एका दिवसात बंद करणे हाही धोकाच. फिट येऊ शकते. ती डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्यावी लागते.

२०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने आणि २०१७ मध्ये युरोपातल्या झोपतज्ज्ञांनी सांगितले की जुनाट निद्रानाशाचा पहिला उपचार गोळी नव्हे, वर्तनोपचार. चार ते आठ बैठकांचा हा शिस्तीचा कार्यक्रम आहे. कितीही वाईट रात्र गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचे. दिवसा झोपायचे नाही. झोप खरोखर जेवढी होते, जवळपास तेवढाच वेळ अंथरुणात काढायचा, पाच तासांच्या खाली मात्र जायचे नाही. मग झोप सलग होऊ लागली की पंधरा-वीस मिनिटांनी वाढवत न्यायचे. पहिले दोन आठवडे हे फार जड जातात. फिट्सचा आजार किंवा टोकाचे मनोविकार असणाऱ्यांनी, ट्रक चालवणाऱ्यांनी तो तज्ज्ञाशिवाय करू नये. आणखी एक नियम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये घालून दिला: थोड्या वेळात झोप लागली नाही तर उठा, दुसऱ्या खोलीत जाऊन बसा, डोळे जड झाले की परत या.

हा नियम ज्या घरासाठी लिहिला त्या घरात दुसरी खोली होती. आमच्याकडे एका खोलीत ओळीने सहा वाकळी अंथरलेल्या असतात आणि भिंतीकडे झोपलेल्या माणसाला उठायचे तर चौघांना ओलांडून जावे लागते. पण याच घरात एक सोय आहे जी पलंगवाल्याकडे नाही. अंथरूण गुंडाळता येते. वाकळ गुंडाळून भिंतीला लावली, नुसत्या घोंगडीवर किंवा ओसरीवर जाऊन बसले, आणि डोळा जड झाला की पुन्हा पसरली, तर बूटझिनचा नियम पाळल्यासारखेच झाले. डॉक्टर हे सांगत नाहीत कारण त्यांच्या पुस्तकात वाकळ नाही. ओसरीत थंडी वाजते, कुत्री भुंकतात, आतून सासूबाई विचारतात, ‘काय गं, बरं नाही का?’ या अडचणी खऱ्या आहेत, आणि त्यांची उत्तरे ज्यांनी हे करून पाहिले त्यांच्याकडेच मिळतात.

या उपचाराने काय साधते हेही मोजून घ्यावे, नाहीतर अपेक्षा फसतात. २०१५ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून काढलेल्या सरासरीत झोप लागायला लागणारा वेळ सुमारे १९ मिनिटांनी आणि मध्येच जागे राहण्याचा वेळ सुमारे २६ मिनिटांनी कमी झाला. झोपेचा एकूण वेळ? वाढला, पण सात-आठ मिनिटांनी. इतकेच. तरीही या लोकांना बरे वाटत होते, कारण झोप तुकड्यांची न राहता सलग झाली आणि रात्रीची धास्ती गेली. निद्रानाशातला मोठा वाटा या धास्तीचा आहे, आणि सोबतीचा खरा उपयोग सुरू होतो तो इथून.

समदुःखी माणूस झोप आणून देत नाही. तो भीती कमी करतो. घरची मंडळी ‘विचार करू नको’ म्हणतात. विचार करू नको म्हटल्याने विचार थांबल्याचे उदाहरण माझ्या ऐकण्यात नाही. ज्याने स्वतः अशा रात्री काढल्या तो असे म्हणत नाही. तो विचारतो, ‘काका, उठून बसला होतात का पडून होतात?’ त्या एका प्रश्नात औषध आणि आपुलकी दोन्ही असते. दोन रात्री न झोपता तिसऱ्या दिवशी कापूस वेचला, शाळेत शिकवले, बाळंतपण केले आणि आभाळ कोसळले नाही, हे समोर बसलेल्या माणसाकडून ऐकल्यावर पटते, डॉक्टरकडून ऐकून पटत नाही. वर्तनोपचाराचे ते पहिले दोन आठवडे तर एकट्याने निभावणे कठीण. पहाटे साडेपाचला ‘उठलात का?’ म्हणून हाक मारणारा लागतो.

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची पद्धत १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांच्या भेटीतून निघाली आणि आज मराठीतही तिच्या सभा भरतात. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच नव्याला धरतो. डॉ. आनंद नाडकर्णींच्या ठाण्यातल्या संस्थेने आधारगट चालवले. पुण्यात पार्किन्सनच्या रुग्णांचे मित्रमंडळ आहे, स्किझोफ्रेनियाच्या कुटुंबांची संघटना आहे, कोड असलेल्यांची आहे. निद्रानाश या यादीत सहसा दिसत नाही. एक तर त्याला कोणी आजार समजत नाही. दुसरे म्हणजे यात माणूस दिवसा धडधाकट दिसतो. डोळ्यांखाली काळे झाले तर ‘रात्री काय करत होतास’ म्हणून चेष्टा होते.

तज्ज्ञ नसलेला पण शिकवलेला माणूस हे काम करू शकतो का? याचे उत्तर बऱ्यापैकी ठाम आहे. लॉस एंजेलिसमधल्या निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयात डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित साहाय्यकांनी वयस्कांना पाच बैठकांत हा वर्तनोपचार दिला आणि मानसशास्त्रज्ञाने फोनवरून देखरेख केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात झोप सुधारली, आणि एकेकट्याने घेतलेल्या व गटात घेतलेल्या उपचारात फारसा फरक निघाला नाही. आपल्या जवळचे दाखले नैराश्याचे आहेत. गोव्यात स्थानिक समुपदेशकांनी आरोग्यकेंद्रांत नैराश्य आणि चिंतेवर उपचार दिले, ते २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. अमरावती-वर्ध्याच्या ३० खेड्यांत झालेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांनी काम केल्यावर नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नैराश्याचा आणि झोपेचा संबंध दुहेरी आहे. निद्रानाश असलेल्याला पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो. शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात झोपेची चौकशी हा मनाच्या चौकशीचा सर्वात सोपा दरवाजा आहे. ‘उदास वाटतं का?’ या प्रश्नाला आमचा माणूस ‘छे’ म्हणतो. ‘झोप लागते का?’ म्हटले की बोलायला लागतो.

मराठवाड्याने सामुदायिक जागरणही पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, चारला काही मिनिटे कमी. आदल्या संध्याकाळी अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून किल्लारी परिसर झोपला होता. भूकंपात जी वाचली ती माणसे त्यानंतर छपराखाली झोपायला धजत नव्हती. त्या भीतीला तिथे कोणी वेडेपणा म्हटले नाही, कारण ती सगळ्यांची होती. एकट्याचा निद्रानाश आणि गावाचा निद्रानाश यात हा फरक.

पण सोबतीची भलावण करताना तिची खोडही सांगायला हवी. चार निद्रानाशी एकत्र आले की पहिल्या प्रथम स्पर्धा लागते. ‘माझा तर तीन दिवस डोळ्याला डोळा नाही.’ (बायको सांगते, रात्रभर घोरत होते. ती खोटे बोलत नाही आणि तेही नाही. हलक्या झोपेला जागेपण समजणे हा या आजाराचाच भाग आहे.) दुसरे म्हणजे गोळ्यांची देवाणघेवाण: मला ही लागू पडली, घेऊन बघ. घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडणाऱ्या माणसाला अशी उसनी गोळी जिवावर बेतू शकते. तिसरे, तरुणांमध्ये हातातल्या घड्याळाने मोजलेल्या झोपेच्या आकड्यांची चर्चा. त्या आकड्यांच्या काळजीनेच झोप जाते, हे २०१७ मध्ये संशोधकांनी नोंदवले आहे. आणि सर्वात वाईट म्हणजे रात्री दोनला एकमेकांना फोन. धृतराष्ट्राचे ठीक होते, त्याला सकाळी पंप चालू करायचा नव्हता. रात्रीची सोबत गोड वाटते, पण ती जागेपणाला बक्षीस देते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: अशा गटाने दिवसाच भेटावे, शक्यतो सकाळच्या उजेडात, आणि गटात कोणालाही कोणी गोळीचे नाव सुचवायचे नाही हा पहिला नियम असावा.

बायकांचे वेगळे बसवावे लागेल. पारावर आणि टपरीवर पुरुष बोलतात. रात्री तान्ह्यासाठी उठणारी, सासऱ्यांना लघवीला नेणारी, चाळिशीनंतर पाळी जाताना अंगातून वाफा निघून घामाने जागी होणारी बाई कुठे बोलणार? बचतगटाची महिन्याची बैठक तयार आहे. हप्ते गोळा झाल्यावर अर्धा तास एवढ्यासाठी काढला तर वेगळी संस्था काढायला नको. आशाताई तिथे असतेच.

अजिंठ्यात, शिवन्यात, फर्दापुरात असे काही सुरू करायचे असेल तर सामान फार लागत नाही: आठ-दहा माणसे, प्रत्येकाची एक वही, आणि महिन्यातून एकदा येणारा कोणी डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ. वहीत दोन आठवडे रोज सकाळी लिहायचे: कधी पडलो, अंदाजे कधी लागली, कितीदा उठलो, कधी उठून बसलो, दुपारी झोपलो का, चहा किती. रात्री घड्याळ बघून लिहायचे नाही. ज्यांची झोप पाण्याच्या पाळीने जाते त्यांना या वहीतून बाहेर काढून त्यांचे निवेदन महावितरणच्या उपअभियंत्याकडे न्यावे. त्यांना उपचार नकोत. ज्यांना मोठ्याने घोरणे, पायांत वळवळ, थायरॉईड, दम लागणे आहे त्यांनी आधी तपासून घ्यावे. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. जगण्याचाच कंटाळा आल्याचे विचार येत असतील तर गटाची वाट पाहू नये. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र आणि मराठीतही चालतो.

तुमच्या घरात असा कोणी असेल तर उद्या सकाळी त्याच्यापुढे एक कोरी वही ठेवा आणि ती भरली की त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जा. रात्री मात्र त्याला ‘झोपलास का?’ म्हणून विचारू नका.